उकळती कढी पिशवीत नको

संपादक साहेब, स. न.

2017 पासून सलग कितीतरी वर्षं आपलं इंदूर सफाईत देशात पहिलं आलं, अभिमान आहेच, पण घरातल्या प्लास्टिकचं काय? परवा राजवाड्याजवळून कढी आणली, उकळती, पातळ पिशवीत भरून रबरबँड लावलेली, घरी येईपर्यंत पिशवी मऊ पडून लिबलिबीत झाली आणि कढीला वासही लागला. फेकून दिली, नातवाला कशी देणार!

गरम, तेलकट पदार्थात प्लास्टिकमधली थॅलेट, बिस्फेनॉल-ए सारखी रसायनं जास्त उतरतात, ती हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, लहान मुलांना तर धोका जास्तच. आम्ही आता श्रीखंडाचे रिकामे डबे फक्त बटणं-दोरे ठेवायला वापरतो, मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडं, लोणचं परत सासूबाईंच्या चिनीमातीच्या बरणीत. फ्रीजमधल्या जुन्या पाण्याच्या बाटल्या काढणं मात्र फार जड गेलं, वर्षानुवर्षं त्याच धुवून वापरायची सवय ना. बाहेर जाताना स्टीलचा कडीचा डबा नेते, दुकानदार आधी नुसता बघतो, मग भरून देतो.

महापालिकेने पिशव्या जप्त करताना गरम पदार्थ त्यात भरणाऱ्यांनाही नीट समजवावं, ही कळकळीची विनंती.

एक आजी, रामबाग, इंदूर