नानांच्या खळ्यातला पत्रा

देवगड

प्रिय सुध्या,

फोनवर लिलावाच्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला तो पत्रा अजून नानांच्या खळ्यात पडलाय. अख्खी वाडी म्हणते जपानी विमान. नाना म्हणतात, "जपानी आसांदे नायतर अमेरिकन, माझ्या जाळ्याचे पैसे कोण देतलो?"

आहे अमेरिकनच. स्टीलचे बोल्ट होते तिथे पत्रा खाऊन गेलाय. खाऱ्या पाण्यात स्टीलला लागून असलं की आधी अ‍ॅल्युमिनियमच मरतं. पण दुमडलेल्या भागात चिखल घट्ट बसला होता, तिथे पिवळट-हिरवा झिंक क्रोमेट, म्हणजे गंज रोखणारा आतला रंग, टिकलाय. रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा, ही अमेरिकेतल्या 'एडी' जातीच्या अ‍ॅल्युमिनियम रिव्हेटची खूण. धुतल्यावर '२४ एस-टी अल्क्लॅड' (विमानाच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा प्रकार) अशी पुसट अक्षरं दिसली, आणि एका ब्रॅकेटवर ठोकलेला नंबर, सुरुवात ३२ ने. कन्सॉलिडेटेड ही अमेरिकन विमान कंपनी सुट्या भागांच्या नंबरात आधी मॉडेलचा आकडा घालायची. ३२ म्हणजे बी-२४ लिबरेटर, बाँबफेकी विमान. त्याच कंपनीची कॅटलिना असती तर २८ आला असता.

पण तू लगेच पेपरात 'महायुद्धातलं विमान' म्हणून देऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे! लिबरेटर अठरा हजारांवर बनली, पाच कारखान्यांत, आणि नंबर सगळ्यांवर ३२ च. शिवाय युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर एचएएलने दुरुस्त करून आपल्या हवाई दलाला दिली, ती सागरी टेहळणीवर १९६८ पर्यंत उडत होती. मग हा तुकडा १९४४ चा की १९६० चा, ते नंबरावरून कसं ठरवायचं?

ठरवेल तो बाहेरचा रंग. जपानविरुद्धच्या आघाडीवर इंग्रजांनी त्यांच्या विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळातला लाल काढून टाकला होता, जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोटाळा नको म्हणून. राहिला निळा आणि फिका निळा. आपल्या भारतीय विमानांवर केशरी, पांढरा, हिरवा. एका कडेला कसलासा रंग आहे, पण त्यावर कालवं बसलीत. नानांच्या नातवाने तारेचा ब्रश काढला होता, तो मी घरी घेऊन आलो. पत्रा आता गोड्या पाण्याच्या पिंपात आहे, भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

ट्रॉलरच्या तांडेलाकडे (नावेच्या म्होरक्याकडे) त्या जागेचा जीपीएस आहे, पण मासळीची जागा म्हणून तो सांगायला तयार नाही. चतुर्थीला येताना तुझा क्लोजअपचा कॅमेरा आण, आणि तांडेलासाठी काहीतरी. काय ते तुला कळतं.

तुझा,
विन्या