चुकलेला पाठही शूट कर, बालाजी

औसा, रविवार

प्रिय बालाजी,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सरळ कागद घेऊन बसलो. प्रशिक्षणासाठी ‘आदर्श पाठां’च्या फिल्म काढायच्या म्हणतोस, कॅमेरा भाड्यानं आणणार, रंगरंगोटी झालेली एक चकाचक शाळाही हेरून ठेवलीस. माझं मत विचारलंस म्हणून सांगतो : नुसते आदर्श पाठ काढू नको. काढलेस तर ते कुणी बघणार नाही. प्रशिक्षणात पंखा लावून दिवे घालवले की मास्तर लोक काय करतात, ते तुला मी सांगावं का?

कामून म्हणतो ते ऐक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला शाळांवरच्या जुन्या फिल्म बघायचा नाद लागला. इंटरनेट आर्काइव्ह म्हणून एक साइट आहे, तिथं ढिगानं पडल्यात, फुकट. घरात सगळे म्हणायले, वर्षभर शाळा पुरली नाही का म्हणून सुट्टीत पुन्हा शाळाच बघता! त्यातली एक मात्र तू बघच. ‘मेंटेनिंग क्लासरूम डिसिप्लिन’, १९४७ ची. मॅग्रॉ-हिल या पाठ्यपुस्तकवाल्या कंपनीनं होतकरू शिक्षकांसाठी काढलेली, पंधराएक मिनिटांची. त्यात ग्राइम्स नावाचे एक मास्तर आहेत, चेहऱ्यावरची इस्त्री न मोडणारे. ते फळ्याकडं वळले की मागं पोरांचं सुरू. मास्तर गरकन वळतात, डोळे वटारतात, टोमणे मारतात, शिक्षा ठोठावतात. पोरं आणखी चेकाळतात. आपल्या डी.एड.च्या त्या सरांची आठवण येईल. नाव लिहीत नाही, वहिनींचे ते लांबचे मामा लागतात.

मग फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तेच मास्तर, तीच पोरं, तोच तास. या वेळी मास्तर चिडत नाहीत, खोडी हसण्यावारी नेतात आणि शिकवणं पुढं रेटतात. हा दुसरा भाग मला जरा गुळचट वाटला. एका तासात इतकी सुधारणारी पोरं तुझ्या-माझ्या वाट्याला कधी आली नाहीत. पण पहिला भाग! मास्तर चुकतोय आणि ते सगळ्यांना दिसतंय, असं प्रशिक्षणाच्या फिल्ममध्ये मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडच्या व्हिडिओत मास्तर प्रश्न विचारतात, पहिल्या बाकावरची पोरगी उठून पाठ केलेलं उत्तर देते, सगळे टाळ्या वाजवतात, खाली शाळेचं नाव येतं. संपलं. त्यातून शिकायचं काय, टाळ्या वाजवायला?

आणि गंमत बघ, आपल्या सूक्ष्म अध्यापनाची मुळं असल्याच विचारात आहेत. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ते सुरू झालं. थोडक्या पोरांपुढं पाच-दहा मिनिटं शिकवायचं, त्याचं चित्रीकरण व्हायचं, मग स्वतःचाच पाठ बघून तो सुधारून पुन्हा घ्यायचा. स्वतःला चुकताना बघणं हीच त्यातली ग्यानबाची मेख. अंबाजोगाईला डी.एड. करताना आपल्यापर्यंत येईतो कॅमेरा वाटेतच कुठंतरी गळाला आणि निरीक्षण तक्ता तेवढा पोचला. मी प्रश्नकौशल्याचा सहा मिनिटांचा पाठ घ्यायलोय, वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसलेत, आणि तू मागच्या बाकावर तक्त्यात उभ्या रेघा मारायलास, चार झाल्या की पाचवी आडवी. निम्म्या रेघा तू प्रश्न न ऐकताच ओढल्यास, हे मला तेव्हाही माहीत होतं. ‘प्रबलन’, म्हणजे पोरांना शाबासकी देण्याच्या रकान्यात तर मी ‘शाब्बास’ म्हणायच्या आधीच रेघ हजर!

शाळा पडद्यावर दाखवायची हौस तशी जुनीच. १९१३ च्या डिसेंबरात माँटेसरीबाई न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोलल्या तेव्हा रोममधल्या मुलांची हलती चित्रं त्यांनी सोबत नेली होती. त्याच वर्षी एडिसन सांगत होता की शाळांतली पुस्तकं लवकरच जाणार, दहा वर्षांत सगळा कारभार पालटणार, सिनेमाच शिकवणार. जूनमध्ये पंचायत समितीतून पुस्तकांचे गठ्ठे मोजून घेताना मला हा बाबा हमखास आठवतो. पुढं १९२३ मध्ये कोडॅकनं १६ मिलिमीटरची, भडकन पेट न घेणारी फिल्म आणली आणि प्रोजेक्टर वर्गात नेणं सोपं झालं. त्याआधीची नायट्रेटची फिल्म पेटली म्हणजे आवरायची नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती आपल्या फाळक्यांची कल्पना. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली होती आणि ती दाखवून भांडवलही उभं केलं होतं. वाटाण्याला कॅमेऱ्यापुढं शहाण्यासारखं वागायचं माहीत नसतं. पोरांना असतं, आणि मास्तरांना तर फारच.

आणखी एक सांगतो. १९३७ ची बेझिल राइट यांची ब्रिटिश फिल्म आहे, ‘चिल्ड्रन ॲट स्कूल’. पैसा तिथल्या गॅसवाल्यांच्या संघटनेचा. तरीही हवेशीर नव्या शाळा दाखवून झाल्यावर फिल्म सरळ मोडक्या इमारतींकडं आणि दाटीवाटीच्या वर्गांकडं वळते. आपल्याकडं असा प्रायोजक मिळाला तर त्याचा बॅनर लावावा लागेल आणि ओल आलेली भिंत नेमकी त्या बॅनरमागं जाईल.

पण ज्या फिल्मनं मला झोप लागू दिली नाही, ती १९४० ची, ‘अँड सो दे लिव्ह’. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातली गरीब वस्ती, झिजलेली जमीन, आणि शाळेत शिकवतात ते या पोरांच्या जगण्याच्या कुठंच जवळ जात नाही. तिथल्या विद्यापीठानं त्याच सुमारास खाण्यापिण्यावरची सोपी वाचनपुस्तकं शाळांसाठी तयार केली : काय पिकवावं, काय खावं. आता माझी शाळा आहे तो बंजाऱ्यांचा तांडा बघ. घरात गोरमाटी, म्हणजे त्यांची बोली बोलतात, शाळेत प्रमाण मराठी. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन फडावर जातात, सोबत पोरंही. हजेरीपटावर नावं तशीच राहतात. गेल्या वर्षी एक पोरगा मार्चमध्ये परतला, तो मोळ्या मोजून मोजून पाढे पक्के करून आला होता. लिहायला सांगितलं तर पेन्सिल मुठीत धरली. हे कुठल्या आदर्श पाठात बसवशील? तू शूटिंग ऑगस्टात ठेवलंस, पटसंख्या भरलेली असते म्हणून. डिसेंबरात ठेव. निम्मा वर्ग रिकामा असताना मास्तर काय करतो ते काढ. प्रशिक्षणाला बसलेल्या प्रत्येकाला ते ओळखीचं वाटेल.

एक पाठ मीच सुचवतो. चौथीला विचार, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरीचशी पोरं छातीठोकपणे चतुर्थांश म्हणतील, कारण तीनापेक्षा चार मोठे. आपण लगेच ‘चूक’ म्हणतो आणि भाकरीचं चित्र काढतो. तू कॅमेरा तिथं थांबव. एकीला विचार, तुला असं का वाटलं? मग ती जे सांगेल ते सगळं राहू दे, अडखळणं, शेजारणीकडं बघणं, सगळं. कापू नको. मग तोच पाठ दुसऱ्या दिवशी वेगळ्या तऱ्हेनं घेऊ, कागदाच्या पट्ट्या दुमडून, आणि दोन्ही एकापुढं एक जोडू. माझा वर्ग घे, माझी हरकत नाही. फक्त पालकांना आधी विचारून घेऊ, आणि वरच्या साहेबांनी ‘हे कशाला दाखवायलात’ म्हटलं तर त्यांना तोंड तू द्यायचंस. तुझा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे.

येताना ट्रायपॉड आण. बाकावर बाक रचून कॅमेरा ठेवू म्हणशील तर एक बाक आधीच लंगडा आहे. काकूंना नमस्कार सांग, त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव. वहिनींना सांग, मुक्कामाला या, हुरड्याचे दिवस असतील.

तुझा,
दत्ता

ता. क. सोमवारी येऊ नको, तांड्यावर दुपारपर्यंत लाईट नसते.