टीसीएलने नायट्रेट जात नाही

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतींत टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पोती येऊन पडतात, ओटी चाचणीच्या (पाण्यातला क्लोरीन रंगावरून पाहण्याच्या) नोंदवह्या बाहेर निघतात, आणि पाण्याच्या जोखमीनुसार गावाला हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळणार याची चर्चा सुरू होते. गॅस्ट्रो, कावीळ, अतिसार यांपासून गाव वाचते ते याच कामामुळे, म्हणून त्यात कसूर नकोच. पण कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात ‘टीसीएल टाकले, पाणी शुद्ध झाले’ ही समजूत घट्ट बसली आहे आणि ती धोक्याची आहे. टीसीएल जंतू मारते. पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटला, म्हणजे नत्राच्या (नायट्रोजनच्या) क्षाराला, ते हातही लावत नाही. तुरटी, कॅन्डलचा फिल्टर, यूव्ही यांनीही नायट्रेट हटत नाही. पाणी उकळले तर उलट वाढते, कारण वाफ उडून जाते आणि क्षार भांड्यातच राहतात.

हे नायट्रेट येते कुठून, ते उसाच्या सरीत पाहावे. आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २०.७ किलो. सगळे नत्र युरियातूनच द्यायचे म्हटले तर एकरी पावणेआठ गोण्या झाल्या. शिफारस हे नत्र चार हप्त्यांत द्यायला सांगते : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. प्रत्यक्षात अनेक रानांत दोनच हातांत गोण्या फोकल्या जातात आणि वर लगेच सरी तुडुंब भरून पाणी सोडले जाते. जमिनीत युरियाचा आधी अमोनियम होतो, मग नायट्रेट. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे ते कुठे अडकतच नाही. पाणी मुळांच्या खाली उतरले की नायट्रेट त्याच्याबरोबर मुरमात, तिथून काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि भेगांतून विहिरीत. त्यात विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्याचे मूत आणि शौचालयाचा शोषखड्डा भर घालतात. म्हणून जिथे शेतीही दाट आणि वस्तीही दाट, तिथे नायट्रेट चढलेले सापडते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एकूण क्षार किंवा कठीणपणा यांना ‘दुसरा स्रोत नसेल तर’ म्हणून वरची सूट आहे. नायट्रेटला तशी सूट नाही. सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते, आणि बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नाही. धोका आहे तो पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवणाऱ्या घरात आणि गाईच्या दुधात ‘उकळलेले पाणी’ घालून पाजणाऱ्या घरात. काळजी घेतो म्हणून पाणी उकळणारी आईच इथे नकळत नायट्रेट वाढवते.

तपासणीत नेमके चुकते कुठे, तेही सांगायला हवे. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवले आहे. त्या संचातल्या नायट्रेटच्या रंगपट्टीवर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून, हे आधी वाचा. नायट्रोजनचा आकडा असेल तर त्याला ४.४३ ने गुणावे लागते. पट्टीवर १२ दिसले आणि ‘४५ च्या आत आहे’ म्हणून वहीत लिहिले, पण ते १२ नायट्रोजनचे असतील तर नायट्रेट ५३ झाले, म्हणजे पाणी नापास. दुसरी चूक टीडीएस मीटरची. हा पेनासारखा मीटर पाण्यातले सगळे क्षार मिळून एक आकडा दाखवतो. त्यात नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. ३५० टीडीएसच्या पाण्यातही ६० नायट्रेट असू शकते.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर शीतपेयाच्या जुन्या बाटलीत नको. एक लिटरचा स्वच्छ प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळावा. मोटर पाच-दहा मिनिटे चालू द्यावी, मग कॅन काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. त्यावर विहिरीचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी, आणि कॅन थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवावा. नमुना विहिरीचा घ्यावा, टाकीचा नव्हे. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली वेगळी, ती प्रयोगशाळेतूनच आणावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा आणि उपविभागाच्या ठिकाणी आहेत. तपासणी वर्षातून दोनदा हवी, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर. उन्हाळाभर रानात साचलेले नायट्रेट पहिल्या जोरदार पावसांत खाली उतरते, म्हणून फक्त मेच्या अहवालावर निर्धास्त राहू नये.

टीसीएलबद्दलही दोन शब्द, कारण तेही मापात पडत नाही. गोल विहिरीचे पाणी घनमीटरमध्ये काढायचे तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५. सहा मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर ५६५ ग्रॅम पावडर लागते. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उतरत जातो आणि तेवढीच पावडर टाकूनही ओटीला पिवळा रंग येत नाही. पावडर बादलीत कालवून चुना तळाला बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे.

आता उपाय. पिण्याच्या विहिरीच्या आसपासच्या रानात युरिया फोकणे थांबवावे. पहारीने भोके घेऊन, सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड मिसळून द्यावा आणि मातीने झाकावा. ठिबक असेल तर आठवड्याला थोडाथोडा सोडावा, पाळीचे पाणी आपोआप कमी होते. पाचट जाळू नये. शोषखड्डा आणि उकिरडा विहिरीपासून लांब न्यावा. भेगाळ पाषाणात पंधरा मीटरही पुरत नाहीत. दुसरा स्रोत हाताशी असेल तर मिश्रण करता येते : ७० नायट्रेटची विहीर आणि १० ची दुसरी, निम्मे-निम्मे मिसळले की ४०. आरओ नायट्रेट बऱ्यापैकी काढतो, पण पडदा जुना झाला की काढणे घटते, म्हणून गावच्या प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नायट्रेट वेगळे तपासावे. आणि त्याचे टाकाऊ पाणी विहिरीशेजारच्या गटारात सोडू नये. काढलेले नायट्रेट पुन्हा तिथेच मुरते.

आमची मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर टीसीएल साठ्याशेजारी प्रत्येक पिण्याच्या स्रोताचा नायट्रेटचा आकडा तारखेसह लिहावा. ज्या विहिरीचा आकडा ४५ च्या वर आहे, त्या भागातल्या बाळंतिणींच्या घरी आशाताईंनी तो सांगावा, आणि वरचे दूध पाजावे लागणाऱ्या बाळासाठी ग्रामपंचायतीने तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी पोचवावे. दिवसाला दोन-तीन लिटरचा तर प्रश्न आहे.

आपले,
कृष्णाकाठचे भूजल अभ्यासक
(जि. सांगली)