दारूबंदीच्या शहरातील सभा

महोदय,

गुजरात राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदी असल्याने, बडोद्यातील मराठी घरांत व्यसनाचा विषय निघाला की आजाराआधी अब्रू आणि पोलीस आठवतात. याच भीतीमुळे अनेक जण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभेला जात नाहीत. वास्तविक १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेत दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. फी नसते, पूर्ण नाव सांगावे लागत नाही आणि बोलण्याची सक्तीही नसते. धाकट्या भावासोबत मी खुल्या, म्हणजे नातेवाइकांनाही येता येते अशा सभेला गेलो, तेव्हा कोणीही उपदेश केला नाही, प्रत्येकाने फक्त स्वतःचेच सांगितले, आणि घरच्यांच्या विनवण्यांनी न हलणारा भाऊ तेथे तासभर ऐकत बसला. अर्थात, रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. दांडिया बाजार, रावपुरा भागांतील मराठी मंडळांनी मराठीतून चालणाऱ्या सभेसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ जागा द्यावी, अशी विनंती आहे. बाहेरची देणगी न घेण्याची या संघटनेची परंपरा असल्यामुळे भाडे मात्र घ्यावे लागेल.

एक वाचक, बडोदे