लिल कुठे गेलं?

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास युरोपात फिरायला गाडी बुक झाली, फोनवर मॅप आहेच, रस्त्याचं कसलं टेन्शन घेतेस. टेन्शन नाही घेत रे, पण तुझे बाबा चालवत असताना शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून मी युरोपात पंधरा दिवस बसलेय, आणि फोनवर काही सांगायला लागलं की तू नुसतं "हो हो" करतोस, म्हणून लिहूनच पाठवते.

लिलची गोष्ट तुला अर्धीच माहितीये. आम्ही बेल्जियममधल्या गेंटहून निघालो होतो, फ्रान्समधल्या लिलला जायचं होतं, तासाभराचा रस्ता, नकाशात तर जवळजवळ सरळ रेघ. हायवेला लागलो आणि पाट्यांवर बाकी सगळं आहे, लिल नाही. बाबा विचारतात आलं का लिल, मी म्हणते नाही, कोर्तरिज्क आहे, रिजसेल आहे (मी आपली अक्षरं दिसतील तशी वाचत होते), लिल नाही. चौथ्यांदा विचारताना त्यांचा आवाज चढला, मग माझाही चढला, तेवढ्यात एक एक्झिट आली आणि गाडी आत. पुढे एक पंप दिसला तिथे थांबलो. तिथल्या बाईंना आमचं इंग्रजी अर्धंच कळलं, पण बोट कुठे ठेवलंय ते कळलं. त्यांनी माझ्या हातातलं बॉलपेन घेतलं, नकाशावर लिलच्या शेजारी बरोबरचं (=) चिन्ह काढलं आणि पुढे लिहिलं रिजसेल, खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे ज्या गावाच्या पाट्या आम्ही इतका वेळ बघत होतो तेच आमचं गाव!

बेल्जियममध्ये ज्या भागात जी भाषा तिथल्या पाट्या त्या भाषेत. फ्लँडर्समध्ये डच, वॉलोनियात फ्रेंच, आणि ब्रुसेल्समध्ये दोन्ही. त्यामुळे गाव तेच असतं पण तुम्ही भाषेची हद्द ओलांडली की पाटीवरचं नाव बदलतं, मॉन्सचं बेर्गेन होतं, लिएजचं लुइक होतं, आणि जर्मन लोक त्याच लिएजला लुटिश म्हणतात. इटलीत तर म्युनिकलाही मोनाको म्हणतात, आता बोल! म्हणून निघायच्या आधी वाटेतल्या दोन-तीन मोठ्या गावांची सगळी नावं एका कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको, कागदावर.

आणि खरं सांगू का, नावाच्या मागे लागायलाच नको होतं. ई१७ हा आकडा हिरव्या चौकटीत जवळजवळ प्रत्येक पाटीवर होता आणि मी त्याच्याकडे बघतच नव्हते, हा रस्ता लिलवरूनच पुढे जातो. त्यांचे हे ई वाले रस्ते साधारण असे असतात की विषम आकडा उत्तर-दक्षिण आणि सम आकडा पूर्व-पश्चिम, एवढं डोक्यात ठेवलं तरी आपण उलट्या दिशेला चाललोय का ते लवकर कळतं. ब्रिटनला गेलात तर मात्र हे ई नंबर शोधू नका, तिथे ते पाटीवर लिहीतच नाहीत. फोनमधली बाई परदेशी नावं असली काही उच्चारते की समोर पाटी असूनही ओळखू येत नाही, त्यामुळे तिच्याकडून नाव ऐकण्यापेक्षा रस्त्याचा आणि एक्झिटचा नंबर बघायचा. फ्रान्समध्ये चौकात तुमच्या गावाचं नावच नसेल तर "ओत्र दिरेक्स्यों" अशी पाटी शोधा, म्हणजे इतर दिशा, बहुतेक वेळा तुम्ही त्या "इतर" मधलेच असता.

मॅप आधी डाउनलोड करून ठेव. उपग्रहाच्या सिग्नलला डेटा लागत नाही, नकाशाला लागतो, आणि नेट नेमकं नको तिथे जातं. स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा बोगदा जवळपास १७ किलोमीटरचा आहे, आत सिग्नलचा भरवसा नाही, म्हणून आत शिरायच्या आधीच बाहेर पडल्यावर काय करायचंय ते वाचून ठेवायचं.

राउंडअबाउटला घाबरू नकोस. तिकडे उजवीकडून चालवायचं म्हणजे चक्कर उलट्या काट्याने, एक्झिट मोजायची, आणि मोजणी चुकली तर सरळ आणखी एक चक्कर मारायची. आम्ही एकदा तीन मारल्या, तिसऱ्या चकरीला बाबांनी इंडिकेटर म्हणून वायपर चालू केला आणि मला हसू आवरेना. हायवेवर एक्झिट चुकली तर मात्र थांबायचं नाही, रिव्हर्स तर चुकूनही नाही, पुढच्या एक्झिटला उतरायचं आणि पुलावरून परत यायचं, बहुतेक वेळा थोडीच मिनिटं जातात.

इटलीतल्या जुन्या शहरांत हॉटेल अगदी मध्यात घेतलं असेल तर आधी त्यांना विचार गाडी दारापर्यंत चालते का. लाल गोलाची पाटी आणि झेडटीएल अशी अक्षरं दिसली की परवानगी असल्याशिवाय आत जायचं नाही, कॅमेरे असतात, दंड नंतर गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतो, आणि फोनमधली बाई बिनधास्त आत घालते.

एक शेवटचं. चालवणाऱ्याने रस्ता शोधायचा नाही, शेजारी बसणारीने शोधायचा, म्हणजे फोन तिच्या हातात, आणि ती म्हणाली डावीकडे की डावीकडे, चुकलं तर चुकलं. "तू नीट बघत नव्हतीस" हे वाक्य गाडीत बोलायचं नाही. तुझ्या बाबांनी ते त्या पंपापर्यंत तीनदा म्हटलं होतं, आणि ती एक्झिट घ्यायला मीच सांगितलं असं ते अजूनही सगळ्यांना सांगतात. मी नव्हतं सांगितलं.

तुझी आई