प्रश्नांना जागा देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

प्रत्यक्ष आभार मानू लागलो की आपण विषय बदलता आणि समोर ताट वाढता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघडपणे लिहितो आहे, कारण श्रद्धेविषयी शंका असलेल्या माणसाशी कसे बोलावे हे म्हापशाच्या आपल्या घरी मी जे पाहिले, ते इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते.

मी डिचोली तालुक्यात वाढलो, शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चची मेरी माता, या सख्ख्या बहिणी आहेत असे मानणाऱ्या घरात. सायबिणीच्या फेस्ताला आमच्याकडून तेल जायचे आणि नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून नेवऱ्या आणि दोदोल यायचे. इतकी जवळीक असूनही ख्रिस्ती माणसे येशूविषयी नेमके काय मानतात हे ना त्यांनी कधी सांगितले, ना आम्ही विचारले. पुढे वकिली सुरू झाली, पुराव्यावाचून काहीही न स्वीकारण्याची सवय कोर्टातून घरापर्यंत आली, आणि देव्हारा व क्रूस या दोन्हींपासून मी सारख्याच अंतरावर जाऊन उभा राहिलो.

आपण अल्फाच्या, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणाऱ्या, वर्गाला बोलावले तेव्हा मी उलटतपासणीच्या तयारीनेच आलो होतो. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेला हा वर्ग १९९० मध्ये निकी गंबेल यांच्या हाती आला आणि चर्चशी संबंध नसलेल्या लोकांना समोर ठेवून त्याची मांडणी बदलली, ही माहिती आपणच पहिल्या संध्याकाळी दिलीत. गंबेल केंब्रिजमध्ये शिकताना नास्तिक होते, नवा करार वाचून ख्रिस्ती झाले आणि नंतर बॅरिस्टर झाले, हे ऐकून मी जरा लक्ष देऊन बसलो. आधी एकत्र जेवण, मग एक व्याख्यान आणि शेवटी गटात चर्चा, एवढाच क्रम. त्यातले जेवण मला सुरुवातीला गौण वाटत असे. पण श्रावणी सोमवारी माझ्यासाठी आपण वेगळे खतखते शिजवलेत, तेव्हा या घरात मला बदलण्याआधी मला ओळखून घेण्याची इच्छा आहे, हे माझ्या लक्षात आले.

माझा पहिला प्रश्न गोव्यातल्या कुणाही मराठी माणसाचा असेल तोच होता. मधला थोडा काळ सोडला तर १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणारे चर्चचे, न्यायासन ज्या भूमीवर चालले, जिथे १६८४ च्या फर्मानाने लोकांना स्वतःची भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती झाली, तिथे येशूच्या प्रेमाविषयी कुणी कोणत्या तोंडाने बोलावे? गटातील एकाने लगेच इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचा दाखला दिला, की त्याच काळात, १६१६ मध्ये, रायतूरला त्यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले गेले. आपण त्यांना शांतपणे थांबवलेत आणि म्हणालात की एकाच्या सत्कृत्याने दुसऱ्याचा अत्याचार धुऊन निघत नाही, तेव्हा हा प्रश्न मांडलेला आहे तसाच राहू द्या. नंतर आपण मला एवढेच सुचवलेत की मार्कच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातला, येशूचा खटला वकिलाच्या नजरेने वाचून पाहा.

मी तो वाचला. रात्री भरलेली सभा, एकमेकींशी न जुळणाऱ्या साक्षी, आधीच ठरलेला निकाल आणि गर्दीला खूश करण्यासाठी मृत्युदंड देणारा सुभेदार. जुन्या गोव्यात आदिलशाहाच्या वाड्यात न्यायासन थाटून बसलेल्यांनी ज्याचे नाव घेतले, तो स्वतः मात्र आरोपीच्या जागी उभा होता. त्याच्या नावाने झालेला अन्याय तपासण्याचे सर्वांत कठोर माप त्याच्याच आयुष्यात आहे, हे त्या वाचनात मला दिसले. इन्क्विझिशनचा दोष त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि तो कमी करण्याचा प्रयत्न आपण एकदाही केला नाहीत, याबद्दल मी आपला फार ऋणी आहे.

येशू मेलेल्यांतून पुन्हा उठला, या पुनरुत्थानाच्या विषयाच्या संध्याकाळी मी अधिक हट्टाने बोललो. येशूला रोमन सुभेदार पिलाताच्या काळात देहदंड झाला हे रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही नोंदवले आहे, त्यामुळे त्याविषयी वाद नव्हता. वाद होता तो पुढच्या गोष्टीविषयी. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिले ते इसवी सन ५५ च्या सुमाराला, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. त्यात तो उठलेल्या येशूला पाहिलेल्या साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असे सांगतो, म्हणजे एका परीने वाचकांना चौकशीचेच आव्हान देतो. रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारसे वजन नव्हते. कुणी कथा रचायला बसला असता तर असे साक्षीदार त्याने निवडले नसते. एवढ्याने गोष्ट सिद्ध होते असे मी आजही म्हणणार नाही. मात्र ही नंतरच्या पिढ्यांनी जुळवलेली दंतकथा आहे, हे माझे सोयीचे उत्तर त्या रात्रीनंतर टिकले नाही.

विश्वास आला तो मात्र मार्कच्या नवव्या अध्यायातल्या बापामुळे. आजारी मुलाला घेऊन आलेला हा माणूस येशूसमोर आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात कबूल करतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. शंका पूर्ण मिटल्यावरच प्रार्थना करायची असते असे मी धरून चाललो होतो. त्या बापाचेच मागणे मी माझे म्हणून मागितले, आणि कुणीतरी ऐकत आहे याची जाणीव तेव्हापासून मला सोडून गेलेली नाही.

हे आपल्याला सांगितले तेव्हा आपण आनंदाने माझे हात हातात घेतलेत आणि पहिला प्रश्न विचारलात तो माझ्या आईविषयी. तिच्यापासून काही लपवू नका, घाई करू नका, तिचे रडू ऐकून घ्या, असे आपण बजावलेत. आई रडली, काही दिवस अबोलाही झाला. आता ती विचारते, मी उत्तरे देतो, आणि लईराईच्या जत्रेला तिला गाडीने मीच घेऊन जातो. बाप्तिस्म्याची तयारी त्या मानाने सावकाश चालू आहे. निष्पाप माणसांच्या दुःखाचा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही, आणि तो सुटल्याचे भासवण्याची गरज आपल्या गटात कधीही पडली नाही.

पुढच्या वर्गात वाढपाचे आणि खुर्च्या मांडण्याचे काम माझ्याकडे द्यावे, ही विनंती. माझे एक वकील मित्र येणार आहेत. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा तिखट आहेत आणि ते सगळे विचारा असे मी त्यांना सांगितले आहे. देव बरें करूं, बाई.

आपला कृतज्ञ,
डिचोलीचा वकील