‘एक कान चालतंय की’ न म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या पोरांचा एक कान बहिरा. कॉक्लियर इम्प्लांटच्या, म्हणजे आतल्या कानात तार बसवून ऐकण्याच्या नसेला विजेचे इशारे देणाऱ्या मशीनच्या, वाटेवर तुम्ही सोबत राहिलात, म्हणून हे पत्र.

‘एक कान चालतंय की, मशीन कशाला?’ बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठंही जा, हेच ऐकायला मिळतं. तुम्ही वाद घातला नाहीत. पोराला डोळे मिटायला लावून कोपऱ्यात मोबाइल वाजवलात आणि आवाज कुठून आला ते बोटानं दाखवायला सांगितलंत. घरच्यांना तेवढं पुरलं. एका कानानं ऐकू येतं, दिशा कळत नाही. वर्गाच्या गलक्यात बाईंचं बोलणंही निसटतं.

सगळ्यांत मोठे आभार एमआरआयच्या हट्टासाठी. जन्मतः एकच कान बहिरा असलेल्या बऱ्याच मुलांत ऐकण्याची नस बारीक असते, किंवा नसतेच. बेरा तपासणीत (आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते डोक्याला तारा लावून बघतात ती) कान ऐकत नाही एवढं कळतं. सीटीत हाडाची रचना दिसते. नस बघायला एमआरआयच लागतो. नसच नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट बसवून उपयोग नाही, हे ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधी सांगणारं माणूस हवं असतं. मेंदूज्वरानं कान गेला असेल तर मात्र तुम्हीच घाई करायला लावता. आतल्या कानाच्या शंखासारख्या पोकळीत हाड भरू लागलं की इलेक्ट्रोडची तार पुढं सरकत नाही. मेंदूज्वरापासून जपणारी न्यूमोकॉकलची लस ऑपरेशनआधी निदान २ आठवडे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मशीन सुरू झाल्यावर खरी फसगत होते ती चांगल्या कानामुळं. आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज खोलीत काढले की पोर सगळे बिनचूक सांगतं, आणि आई-बाप खूश! ऐकलेलं असतं दुसऱ्या कानानं. बोळा घालूनही तो पुरता बंद होत नाही. म्हणून ब्लूटूथनं आवाज थेट प्रोसेसरमध्ये, म्हणजे मशीनच्या बाहेर लावायच्या भागात, सोडायचा, रोज, मशीनच्या कानाला एकट्याला. त्या वेळच्या गोष्टी घरच्या मराठीतच, शाळा कन्नड असली तरी, हा तुमचा सल्ला आम्हाला फार पटला.

खानापूरकडच्या पावसासाठी दिलेला सिलिका जेलचा डबाही रोज लागतो. रात्री प्रोसेसर आत, त्याचे हवेवर चालणारे झिंक-एअर सेल बाहेर. डब्यात राहिले तर सुकून लवकर संपतात. नव्या सेलचा कागद काढून ५ मिनिटं थांबायचं, मग बसवायचा. मशीन डोक्याला धरून ठेवणाऱ्या चुंबकाखाली कातडी लाल झाली तर कापसाची गादी करायची नाही, कमी ताकदीचा चुंबक मागायचा.

पुढच्या मॅपिंगला, म्हणजे मशीनचे आवाज पोराला जुळवून घ्यायला, येतोच. मशीन रोज किती तास डोक्यावर होतं ते मशीनमधली नोंद, म्हणजे डेटालॉग, दाखवेलच, तिथं लपवाछपवी चालत नाही.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पालक